आप्पांचा मस कोणत्या गालावर

आप्पा घरातून निघून गेले तेव्हा मी एका नवरीच्या नाकातली नथ सरळ करत होते. नवरी समोर नव्हती, फोनच्या पडद्यावर होती. तिचा आणि नवऱ्याचा फोटो मी कार्टून करून देणार होते, लग्नपत्रिकेवर छापायला. फोटोला फिल्टर लावला की चेहऱ्याच्या कडांच्या काळ्या रेघा होतात, कातडीचे सगळे रंग दोन-तीन रंगांत मिटून जातात, डोळे थोडे मोठे होतात. पण नथीसारखी बारीक वस्तू फिल्टरला कळत नाही, तो तिचा नुसता पिवळा डाग करतो. मग ती एकेक मोती करून बोटाने पुन्हा काढावी लागते. आई सकाळीच आप्पांच्या गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात गेली होती. जाताना म्हणाली होती, त्यांच्याकडे बघ. मी बघत होते. ते ओटीवर खुर्चीत बसून पायांची बोटं मोजत होते. नंतर मान वर केली तर खुर्ची रिकामी होती आणि फाटकाची कडी निघालेली होती.

मधे किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. नथीत सतरा मोती होते, एवढं आठवतं.

आमचं गाव श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मधे आहे. आमची बौद्धवाडी डोंगराच्या अंगाला, समुद्र तिथून चालत वीस मिनिटांवर. आप्पा चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होते. कोळीवाड्यात, आमच्या वाडीत, बाजारपेठेत सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आणि ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांच्या मुलांनाही त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते विसरायला लागले. आधी वस्तूंची नावं गेली, मग दिवस गेले, मग आपण कुठे बसलोय ते गेलं. आई म्हणायची, हळूहळू सामान हलवतायत ते.

मी त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात एका जाहिरातीच्या ऑफिसात कामाला होते, ते ऑफिस बंद पडलं तेव्हा घरी आले आणि घरूनच कामं घ्यायला लागले. इथे आता वाडीवाडीत पर्यटकांना राहायला खोल्या आहेत. प्रत्येकाला पाटी पाहिजे, आणि पाटीवर घरच्या काका-काकूंचं कार्टून पाहिजे. काकूंच्या हातात नारळ, काकांच्या डोक्याला टोपी, दोघं हसतायत. वाढदिवसाचे बॅनर, क्रिकेटच्या संघाचे टी-शर्ट, लग्नपत्रिका. मला काम कमी नव्हतं.

त्याच सुमारास आप्पांना आरशात कोणीतरी दिसायला लागलं. मोरीजवळच्या आरशात एक म्हातारा उभा असतो, असं ते आईला सांगायचे. तो काही बोलत नाही, नुसता बघतो. आईने आरशावर टॉवेल टांगला. मग तोच म्हातारा त्यांना माझ्या फोनमध्ये सापडला. मी त्यांना आम्हा दोघांचे सेल्फी दाखवत होते, एका फोटोशी ते थांबले. त्यांनी विचारलं, ह्याला घरात कोणी घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तोच फोटो फिल्टरमधून काढला. कशासाठी, ते नक्की सांगता येणार नाही. हाताशी फिल्टर होता म्हणून. केस काळे झाले, गालांचे खड्डे भरले, डोळ्यांत चमक आली. आप्पांनी फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा बरा माणूस आहे. मास्तर दिसतो."

आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ते हसत होते.

त्यानंतर मी फोनमधले त्यांचे सगळे फोटो कार्टून केले आणि मूळचे पुसून टाकले, चुकून त्यांच्यासमोर यायला नकोत म्हणून. नवीन फोटो काढायचे तर एक अ‍ॅप मिळालं होतं, ते कॅमेऱ्यातच कार्टून दाखवायचं. मी आप्पांच्या शेजारी बसायचे, फोन समोर धरायचे, आणि पडद्यावर आम्ही दोघं कार्टून व्हायचो. ते हात हलवायचे, तो मास्तरही हात हलवायचा. त्यांना फार आवडायचं. त्यांच्या गालावर एक मस होता. फिल्टर तो जवळजवळ पुसून टाकायचा, फिकट सावली तेवढी उरायची. त्या सावलीवर मी नंतर ब्रशने तपकिरी ठिपका द्यायचे. मला माझ्या कामाचा अभिमान होता.

तर खुर्ची रिकामी होती. मी आधी विहिरीवर धावले. आमच्याकडे माणूस दिसेना झाला की सगळे आधी विहिरीवरच जातात. विहिरीत काही नव्हतं. मग परसात, शेजारी, विहारात, शाळेच्या पटांगणात. होळी होऊन गेली होती, सकाळी दहालाच उन्हाने डोळे दिपत होते. वाडीतली माणसं डोंगराच्या वाटेला गेली, मी समुद्राकडे. सुरूच्या बनात हाका मारत फिरले. कोळीवाड्यात बायका वाळत घातलेली मासळी उलटत होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली.

"गुरुजी आमच्या बाजूला न्हाय आले, पोरी," ती म्हणाली. "आले असते तं आमी बसवून ठेवले असते त्यांना."

तिने मुलाला हाक मारली. त्याने होडी काढली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने बघत गेला. होडीतून काय बघायला गेला ते तोही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. दुपारी तो मान हलवत परत आला.

आई परत आली तेव्हा ओटीवर माणसं उभी होती. तिने कोणाला काही विचारलं नाही. गोळ्यांची पिशवी खुंटीला लावली आणि खाली बसली.   पोलिसांचं मी बघते, तू घरी थांब, असं मी तिला सांगितलं. ते परत आले तर घरात कोणी हवं.

चौकीत हवालदारांनी सगळं नीट लिहून घेतलं. नाव, वय, उंची, अंगात पांढरा पायजमा आणि आकाशी शर्ट. मग म्हणाले, अलीकडचा फोटो द्या. मी फोन पुढे केला. त्यांनी बघितलं, बोटाने पुढचा सरकवला, मग त्याच्या पुढचा.

"ताई, ही चित्रं आहेत," ते म्हणाले. "मला फोटो पाहिजे."

"माझ्याकडे हेच आहेत."

ते रागावले नाहीत. म्हणाले, ह्यावरून माणूस रस्त्यात समोर आला तरी मी ओळखणार नाही. अंगावरची काही खूण आहे का? मी म्हटलं, गालावर मस आहे. कोणत्या गालावर, त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं नाही. मी फोनमध्ये पाहिलं, आणि म्हटलं, डाव्या.

घरी येऊन फोटो शोधायला लागले. चक्रीवादळात आमचे पत्रे उडाले होते तेव्हा ट्रंकेत पाणी गेलं होतं. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून एक ठोकळा झाला होता. आईने तो फेकला नव्हता. मी सुरीने पानं सुटी करायला गेले तर आईचा हात आला, आप्पांची बाही आली, चेहरा दुसऱ्या पानाला चिकटून फाटला. आधारकार्डावरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, काळपट, त्यात ते जाडे आणि कोणावर तरी चिडलेले. शाळेच्या कार्यालयात निरोप समारंभाचा फोटो होता, त्यात पन्नास माणसं. मी त्याचा फोटो काढून मोठा केला. आप्पांच्या जागी करडे चौकोन आले.

मग मी फिल्टर उलटा फिरवायला बसले.

आज लिहिताना ते वेडेपणाचं वाटतं, पण त्या दुपारी माझी खात्री होती की जे मी केलं ते मला मोडता येईल. चेहरा रेघांखाली कुठेतरी असणारच. मी रेघा काढून टाकल्या. खाली काही नव्हतं, सपाट रंग होता. कपाळाला एक रंग, गालांना एक, सावलीला एक. सुरकुत्या नव्हत्या, डाव्या पापणीचा किंचित खाली आलेला कोपरा नव्हता, दाढी करताना राहून गेलेले हनुवटीखालचे पांढरे केस नव्हते. ते मीच स्वच्छ केलं होतं, एका संध्याकाळी, गाणी ऐकत. एक अ‍ॅप सापडलं, कार्टूनवरून खराखुरा माणूस करून देणारं. त्याला चित्र दिलं. त्याने मला चार माणसं दिली. चौघंही साठीचे, गोरेपान, छान दात असलेले. एक बँकेतला साहेब वाटत होता. त्यांच्या कातडीवर छिद्रंसुद्धा होती, आणि चौघांपैकी एकही आप्पा नव्हते. तरी मी त्यातला एक निवडला. मला वाटायला लागलं की हा जवळचा आहे, नाक तरी तसं आहे. चित्रापेक्षा हा बरा, लोक निदान माणूस म्हणून बघतील. मी आईला दाखवला.

आईने फोन लांब धरून बघितला. "ह्याला शोधायला सांगनार तू लोकांना?" ती म्हणाली.

मी तो पाठवला नाही. कार्टूनच पाठवलं, खाली आधारकार्डाचा फोटो आणि वर्णन, आणि माझा नंबर. तासाभरात ते श्रीवर्धनपासून मांडव्यापर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. पहिला निरोप आला, त्यात हसणारे चेहरे होते. कोणाला वाटलं नाटकाची जाहिरात आहे. हरिहरेश्वरच्या एका खोल्यावाल्याने विचारलं, आमच्या वडिलांचंही असं करून द्याल का. मी उत्तर दिलं, की हे माझे वडील आहेत आणि ते हरवले आहेत. त्याने माफी मागितली, आणि तो खरंच दुसऱ्या दिवशी दिवसभर मला मोटारसायकलवर घेऊन फिरला, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन यायला लागले. म्हसळ्याच्या स्टँडवर एक म्हातारा बसलाय. दिवेआगरच्या किनाऱ्यावर एक जण एकटाच चालतोय. आम्ही प्रत्येक ठिकाणी गेलो. म्हसळ्याचे गृहस्थ नातवाची वाट बघत होते. दिवेआगरचे मुंबईचे पाहुणे होते, सकाळचा व्यायाम करत होते, मी धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा घाबरले. प्रत्येक वेळी लांबून ते आप्पाच असायचे. पाठ तीच, मान तशीच. जवळ गेलं की दुसरंच कोणी.

अकराच्या सुमारास मी हरिहरेश्वरला देवळाखालच्या दुकानांत विचारत होते, तेव्हा तिथून पुढच्या खाडीच्या पलीकडल्या एका सरकारी दवाखान्यातून फोन आला. बोलणाऱ्या नर्स होत्या. आदल्या संध्याकाळी लोकांनी एका म्हाताऱ्या माणसाला आणून टाकलं होतं, खाडीच्या चिखलात पडलेला सापडला म्हणून. तोंड सुजलंय, ताप आहे, नाव सांगत नाहीत. अंगावर कपडे राहिले नव्हते म्हणून कोणीतरी लुंगी गुंडाळली. त्या म्हणाल्या, तुमच्या चित्रावरून काही कळत नाही हो. आधारकार्डावरचे तर जाडे आहेत, हे अगदी बारीक आहेत. मग म्हणाल्या, "मस आहे ह्यांच्या गालावर. पण उजव्या. तुम्ही डाव्या लिहिलंय."

"डाव्याच आहे," मी म्हटलं.

"नक्की ना?"

मी फोन कानापासून काढला, फोटो उघडला, पाहिला. तपकिरी ठिपका. पुन्हा कानाला लावला.

"नक्की."

त्या म्हणाल्या, पेशंटचा फोटो असा बाहेर पाठवता येत नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर मोठ्या डॉक्टरांना विचारते. मी म्हटलं, नको, ते नाहीत. त्यांचे आभार मानले. वहीत दवाखान्यांची यादी केली होती, त्यातल्या त्या नावावर काट मारली. मला थोडं हलकंसुद्धा वाटलं, एक जागा कमी झाली म्हणून. शिवाय ते खाडीच्या पलीकडे जातीलच कशाला? फेरीबोटीत बसायचं, तिकीट काढायचं, हे त्यांना आता जमणार कसं? असं मी मोटारसायकलवाल्याला समजावून सांगितलं, आणि त्यालाही ते पटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांचा फोन आला. खाडीच्या तोंडाशी एक मृतदेह लागला होता. तुम्ही येऊ नका, असं ते म्हणाले, घरातल्या पुरुषाला पाठवा. घरात पुरुष नव्हता. मी गेले. वाळूत चटई टाकून त्यावर झाकून ठेवलं होतं, बाजूला चार-पाच माणसं तोंडाला रुमाल लावून उभी. मी जवळ जाण्याआधीच त्यांच्यातला एक म्हणाला, डाव्या गालावर काही नाही बघा. हवालदारांनी कापड थोडं बाजूला केलं. चाळिशीचा कोणी तरी होता, दाट काळे केस. मी मागे वळले आणि मला हसू आलं. खरं हसू, आवाज करून. हवालदार माझ्याकडे बघत राहिले. त्या माणसाचंही कोणी कुठे तरी हाका मारत फिरत असेल, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

तिथून ते माझ्याबरोबरच आमच्या घरी आले. कागदावर आईची सही राहिली होती. आईने त्यांना पाणी दिलं. ते ओटीवर बसून वर्णन मोठ्याने वाचायला लागले, मधेमधे थांबत, मावशी बरोबर ना असं विचारत. आई मान डोलावत होती. रंग सावळा, बरोबर. उंची पाच फूट चार, बरोबर. डाव्या गालावर मस.

"डाव्या न्हाय," आई म्हणाली. "उजव्या."

मी म्हटलं, "आई, डाव्या."

"उजव्या हाय."

मी फोन काढला, फोटो उघडला आणि तिच्यापुढे धरला. हे मला सगळ्यात जास्त आठवतं. तीन दिवस नीट न जेवलेल्या माझ्या आईला मी पुरावा दाखवत होते. मी म्हटलं, बघ, तूच बघ, हा डावा गाल. तिने फोनकडे पाहिलंही नाही.

"मला मोबाईल दाखवू नको," ती म्हणाली. "दीड वरीस झालं, मी करते दाढी त्यांची. उजव्या बाजूला आलं का हात हळू करावा लागतो. मसावर पातं लागलं तर रक्त येतं."

हवालदार पेन धरून थांबले होते. मी फोन स्वतःकडे वळवला आणि पहिल्यांदा त्या चित्राकडे नीट बघितलं. इतके दिवस मी चेहराच बघत होते. शर्टाकडे बघितलं. खिसा उजवीकडे होता. आप्पांच्या सगळ्या शर्टांना खिसा डावीकडे आहे, सगळ्याच पुरुषांच्या शर्टांना असतो. त्यात पेन होतं तेही उजवीकडे. मी मागचं चित्र उघडलं, त्याच्या मागचं. सगळीकडे खिसा उजवीकडे. माझा फोन समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा ठेवतो, हे मला माहीत होतं. कामाचे फोटो घेताना मी लोकांना हे स्वतः सांगते, टी-शर्टवरची अक्षरं उलटी येतील, मागच्या कॅमेऱ्याने काढून पाठवा. आरशात बघायला घाबरणाऱ्या माणसाला मी महिनोन् महिने आरशातच बसवलं होतं. आणि त्या चेहऱ्यावर किती तास घालवून, रोज त्यांच्या शेजारी बसून, मस कोणत्या गालावर आहे ते मला सांगता आलं नव्हतं.

मी उठून परसात गेले आणि दवाखान्याला फोन लावला. त्याच नर्स होत्या. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, उजव्या गालावर आहे.

"परवा तुम्हीच नाही म्हणालात ना," त्या म्हणाल्या.

परवा नव्हे, काल होतं ते. पण मला दुरुस्त करण्याचा धीर झाला नाही. मी विचारलं, आहेत का ते. त्या म्हणाल्या, आहेत. पण या लवकर.

मी आईला एवढंच सांगितलं की सापडलेत, दवाखान्यात आहेत, पलीकडे. तिने एका पिशवीत पायजमा, शर्ट, टॉवेल आणि दाढीचं सामान भरलं. हवालदारांनी गाडीची सोय केली. खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावर, बागमांडल्याला पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला होती. तिथे ती गाड्या भरत होती, आम्हाला दिसत होतं. एक ट्रक मागेपुढे होत होता, त्याला नीट चढता येत नव्हतं. खाडी तिथे फार रुंद नाही. पलीकडची माणसं दिसतात, त्यांचे कपडे ओळखू येतात. आई धक्क्याच्या टोकाशी पिशवी घेऊन उभी राहिली, बसली नाही. मी तिच्या मागे उभी होते. ते आता, ह्या क्षणाला जात असतील, असं मला सारखं वाटत होतं, आणि तो ट्रक मागे येत होता, पुढे जात होता. आप्पा ही खाडी कशी ओलांडून गेले ते आम्हाला आजही माहीत नाही. बोटीवरच्या कोणाला ते आठवत नव्हते. तिथे एवढी माणसं रोज येतात-जातात, शांत बसलेला एक म्हातारा कोणाच्या लक्षात राहणार?

दवाखान्यात पुरुषांच्या खोलीत शेवटच्या खाटेवर ते होते. दोन्ही मनगटं पट्टीच्या कापडाने खाटेला बांधली होती. सलाईनची सुई उपटून काढत होते म्हणून, नर्स म्हणाल्या. दुसरा उपाय नव्हता, सारखं कोणीतरी शेजारी बसायला पाहिजे होतं आणि त्यांचं असं कोणी नव्हतं. खाटेच्या पाटीवर लिहिलं होतं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर. चेहऱ्याची एक बाजू काळीनिळी, ओठ फाटलेले, तीन दिवसांची पांढरी दाढी. मी त्यांना रस्त्यात पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. पुढे निघून गेले असते.

आई सरळ त्यांच्याकडे गेली आणि आधी मनगटं सोडायला लागली. गाठी सुटत नव्हत्या, तिने दाताने सोडवल्या. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "झाला उशीर."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढे भिंतीवर गेली. नर्स माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्या आईसमोर एक शब्दही बोलल्या नाहीत, औषधं समजावून सांगितली आणि गेल्या. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही, आणि त्यांना पुन्हा तोंड दाखवायचा धीरही मला कधी झाला नाही.

न्यूमोनिया झाला होता. तिथे बारा दिवस काढले. आम्ही आळीपाळीने त्यांच्याजवळ बसायचो, त्यामुळे पुन्हा बांधावं लागलं नाही. पण मनगटाला कोणाचाही हात लागला की ते अंग चोरून घ्यायचे, डॉक्टर नाडी बघायला आले तरी. तीन दिवसांत काय काय झालं असेल त्याचा मी विचार करायचे. पहिल्या दिवसाचं काही माझ्या हातात नव्हतं, निदान तसं मला स्वतःला सांगता यायचं. ते चिखलात पडले ते पडले. पण दुसऱ्या दिवशी अकराला मला तो फोन आला होता. त्यानंतरचा सगळा दिवस आणि रात्र ते खाटेला बांधलेले, आजूबाजूला एकही ओळखीचा चेहरा नाही, आणि मी हरिहरेश्वरला चित्र दाखवत फिरत होते. एका शब्दाचं काम होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी आप्पांना झोप लागली तेव्हा आई आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. आईने डबा उघडला होता. मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं. मी म्हटलं, "आई, इथून मला आधी फोन आला होता."

तिने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. तिला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता नको. ते बरे होऊ देत, मग सांग."

आप्पांना घरी आणलं. त्यानंतर ते चालले नाहीत. आता बोलणंही जवळजवळ थांबलंय. दिवसातून एखादा शब्द येतो, तोही शाळेतला, हजेरीतला. आरशावरचा टॉवेल आईने काढला, कारण आता ते त्या बाजूला जातच नाहीत. मी महिनाभर काम घेतलं नाही, मग घेतलं, दुसरं काही मला येत नाही. मूळचा फोटो आता मी पुसत नाही, कोणाचाच. लोकांना मागच्या कॅमेऱ्याचाच फोटो मागते आणि आधी खिसा बघते, पदर कोणत्या खांद्यावर आहे ते बघते. त्या नवरीचं चित्र मी पुरं करून दिलं नाही. तिच्या घरच्यांनी समजून घेतलं.

ह्या गोष्टीला वर्ष होत आलं. आई मला कामं सांगते, बाजारातून काय आणायचं ते सांगते, संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावते. त्या फोनचं तिने कधी विचारलं नाही. आप्पा आतल्या खोलीत आहेत, आत्ता ती त्यांना पेज भरवते आहे, चमचा ओठाला लावून थांबते, ते गिळतात, मग पुढचा. डॉक्टर म्हणतात, ह्यापेक्षा बरे ते होणार नाहीत.